लहान मुलासाठी ई-रीडर निवडताना

प्रस्तावना

मुलासाठी पुस्तक घेणे हे पूर्वी सोपे काम होते. दुकानात जावे, पुस्तक हातात घ्यावे, दोन पाने चाळावीत आणि मनास आले तर विकत घ्यावे. आता पुस्तके कागदावर मिळतात, तशीच पडद्यावरही मिळतात. महाराष्ट्राबाहेर भोपाळ, वडोदरा, हैदराबाद किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला या बदलाचे विशेष महत्त्व आहे. जवळच्या दुकानात मराठी गोष्टीचे पुस्तक सहसा मिळत नाही. मूल घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी वाचते, आणि मराठी वाचनाची सवय लागण्याआधीच सुटते. अशा घरात एखाद्या दिवशी प्रश्न निघतो, "मुलाला ई-रीडर घेऊन दिला तर?"

प्रश्न योग्य आहे. परंतु उत्तर घाईने देण्यासारखे नाही. काही हजार रुपये खर्चून आणलेले यंत्र महिन्याभरात कपाटात जाऊन पडले, तर पैसे तर जातातच. शिवाय 'याला वाचनाची आवडच नाही' असा शिक्का मुलावर बसतो. चूक निवडीची असते, ठपका मात्र मुलावर येतो. म्हणून ही निवड विचारपूर्वक कशी करावी, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण
– ई-रीडर आणि मोबाइल किंवा टॅब्लेट यांतील फरक सांगू शकाल;
– मुलाचे वय व वाचनाची पातळी लक्षात घेऊन यंत्राची गरज ठरवू शकाल;
– एखादे यंत्र मराठी मजकूर शुद्ध दाखवते की नाही, याची परीक्षा घेऊ शकाल;
– डिजिटल पुस्तकाच्या मालकीविषयीचे मुद्दे स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

१. ई-रीडर म्हणजे काय?

ई-रीडर हे केवळ पुस्तके वाचण्यासाठी तयार केलेले, पातळ वहीसारखे यंत्र होय. वरवर ते टॅब्लेटसारखे दिसते. पण त्याचा पडदा वेगळ्या तत्त्वावर चालतो. या पडद्याला 'इलेक्ट्रॉनिक शाई'चा पडदा म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जोसेफ जेकबसन व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या संशोधनातून १९९७ साली 'ई इंक' ही कंपनी स्थापन झाली. सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये असा पडदा असलेले वाचनयंत्र प्रथम बाजारात आणले. अॅमेझॉनचे 'किंडल' २००७ साली आले आणि तेव्हापासून हे यंत्र जगभर परिचित झाले.

या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असतो आणि त्यात पांढरे व काळे कण तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर धन विद्युतभार असतो, काळ्यांवर ऋण. पडद्याच्या एखाद्या बिंदूवर विद्युतदाब दिला की त्यानुसार पांढरे किंवा काळे कण पृष्ठभागावर येतात. अशा लाखो बिंदूंनी अक्षरे उमटतात. एकदा कण जागेवर बसले की ते तेथेच राहतात. त्यांना धरून ठेवण्यासाठी विजेची गरज नसते. पान उलटताना तेवढी वीज लागते. म्हणूनच मोबाइल रोज चार्ज करावा लागतो, तर ई-रीडर एकदा चार्ज केल्यावर कित्येक दिवस, पुष्कळदा काही आठवडे चालतो.

दुसरा फरक प्रकाशाचा. मोबाइलच्या पडद्याचा प्रकाश थेट आपल्या डोळ्यांवर येतो. ई-रीडरचे पान मात्र कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करते. म्हणून ते भर उन्हातही स्वच्छ दिसते. अनेक ई-रीडरमध्ये रात्री वाचण्यासाठी दिवे असतात. ते कडेला बसवलेले असून त्यांचा प्रकाश पानावर पसरतो.

तिसरा फरक पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. साध्या ई-रीडरवर चलच्चित्रे नीट दिसत नाहीत, खेळ खेळता येत नाहीत आणि कोणाचा निरोप मध्येच टपकत नाही. पडदा संथ आहे, हा त्याचा दोष मानला जातो. लहान मुलाच्या हाती मात्र हा दोष गुण ठरतो. कारण त्या यंत्रावर वाचण्यावाचून दुसरे फारसे काही करता येत नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) ई-रीडरला वीज कमी का लागते?
(आ) पडद्याचा संथपणा मुलाच्या बाबतीत गुण का ठरतो?

२. आधी मूल पाहावे

'लहान मूल' या शब्दात तीन वर्षांचे मूल येते आणि नऊ वर्षांचेही येते. दोघांच्या गरजा एक नव्हेत.

दोन ते पाच वर्षांचे मूल वाचत नाही. ते चित्रे पाहते आणि गोष्ट ऐकते. रंगीत चित्र, हाताने उलटायचे पान, मांडीवर उघडलेले मोठे पुस्तक हेच त्याचे वाचन. बहुतेक ई-रीडरचा पडदा कृष्णधवल आणि तळहातापेक्षा थोडासाच मोठा असतो. रंगीत इलेक्ट्रॉनिक शाईचे पडदेही आता मिळतात. पण त्यांचे रंग छापील चित्रांच्या मानाने फिके असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास पडदा द्यावा. या वयासाठी ई-रीडर घेण्याचे कारण नाही. तेवढ्या पैशांत कागदी चित्रपुस्तकांचा एक छोटासा संग्रह होतो.

सहा-सात वर्षांचे मूल अक्षरे जुळवून वाचू लागते. या काळातही पुस्तकात चित्रांचा आधार हवा असतो. येथे ई-रीडर उपयोगी पडू शकतो, पण दुय्यम साधन म्हणून. साधारणपणे आठव्या वर्षापुढे, मूल चित्रांशिवाय सलग चार-पाच पाने वाचू लागले, की या यंत्राची खरी उपयुक्तता सुरू होते. वय हा केवळ अंदाज आहे. मूल आपण होऊन पान उलटते काय आणि 'पुढे काय झाले' असे विचारते काय, ही खरी खूण आहे.

या संदर्भात एका अभ्यासाचा निष्कर्ष ध्यानात घेण्यासारखा आहे. मे इरेने फ्युरेनेस, नतालिया कुचिर्कोव्हा आणि आद्रियाना बुस या तीन संशोधकांनी २०२१ साली ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्या अभ्यासांत एक ते आठ वर्षे वयाची १,८१२ मुले सहभागी होती. तेच पुस्तक जसेच्या तसे पडद्यावर दिले, तेव्हा मुलांना गोष्ट कागदावर अधिक चांगली समजली. पडद्यावरील पुस्तकात गोष्टीच्या आशयाला पूरक अशी भर घातलेली असली, तर मात्र पडदा सरस ठरला. आणखी एक गोष्ट आढळली: मोठ्या माणसाने शेजारी बसून कागदी पुस्तक वाचून दाखवले, तर त्याचा लाभ मुलाने एकट्याने सजवलेले डिजिटल पुस्तक वाचण्यापेक्षा अधिक झाला. यंत्र कितीही चांगले असले तरी शेजारी बसणाऱ्या माणसाची जागा ते घेत नाही, हे यावरून दिसते.

३. मग पुस्तक पाहावे

पातेले विकत घेण्याआधी घरात शिधा आहे की नाही, हे आपण पाहतो. ई-रीडर घेण्याआधी मूल त्यावर नेमके काय वाचणार, याची यादी करावी. पुढील एका वर्षात वाचता येतील अशी निदान दहा-बारा पुस्तके कागदावर लिहिता आली नाहीत, तर यंत्राची खरेदी पुढे ढकलावी.

मराठीपुरते बोलायचे, तर मुलांसाठी विनामूल्य मजकूर बऱ्यापैकी उपलब्ध आहे. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील सचित्र गोष्टी आहेत. त्या वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या असल्यामुळे नवशिक्या वाचकाला पहिल्या पातळीपासून पुढे जाता येते. 'बालभारती' या नावाने परिचित असलेल्या महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. याच मंडळाच्या, १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही वाचकांसाठी खुले केलेले आहेत.

जुन्या साहित्याचाही विचार करावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, त्याच्या पुढील वर्षापासून मोजून ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरील स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले; त्यामुळे २०११ च्या प्रारंभापासून त्यांचे लेखन सर्वांसाठी मुक्त झाले. अशी स्वामित्वहक्कमुक्त पुस्तके मराठी 'विकिस्रोत'वर वाचता येतात आणि ई-पुस्तकाच्या स्वरूपात उतरवूनही घेता येतात. विकतच्या पुस्तकांत अॅमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरात मराठीसह पाच भारतीय भाषांतील किंडल पुस्तकांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. मात्र विकतच्या मराठी ई-पुस्तकांत मोठ्यांसाठीचीच पुस्तके अधिक दिसतात. आपल्या मुलाच्या वयाची पुस्तके तेथे किती आहेत, हे यंत्र घेण्याआधी मोबाइलवरून पाहून घ्यावे.

येथे पुस्तकाच्या 'स्वरूपा'चा प्रश्न येतो. डिजिटल पुस्तके मुख्यतः दोन स्वरूपांत मिळतात. पीडीएफ हे छापील पानाचे हुबेहूब चित्र असते. त्यातील ओळी जेथे तुटतात तेथेच तुटतात. ईपब या स्वरूपातील मजकूर मात्र पाण्यासारखा असतो. भांडे बदलले की तो नवा आकार घेतो. अक्षर मोठे केले, तर ओळी आपोआप नव्याने जुळतात.

हा फरक व्यवहारात किती मोठा आहे, ते साध्या हिशेबाने कळेल. सहा इंची ई-रीडरचा पडदा सुमारे ९ सेंटिमीटर रुंद असतो. ए-४ आकाराचा कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. त्या आकाराचे पीडीएफ पान या पडद्यावर पूर्ण बसवले, तर प्रत्येक अक्षर निम्म्याहूनही लहान होते. मुलासाठी मुद्दाम १४ पॉइंटात छापलेला मजकूर ६ पॉइंटाएवढा दिसू लागतो. मग मुलाला पान मोठे करून डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते आणि गोष्टीचा धागा तुटतो. म्हणून यादीतील बहुतेक पुस्तके पीडीएफ असतील, तर छोटा ई-रीडर घेऊ नये. मोठ्या पडद्याचे यंत्र, घरातील संगणक किंवा छापील प्रत हे पर्याय अधिक चांगले.

पाठगत प्रश्न २
(अ) पीडीएफ आणि ईपब यांतील फरक एका वाक्यात सांगा.
(आ) खरेदीपूर्वी पुस्तकांची यादी का करावी?

४. देवनागरीची परीक्षा

जाहिरातीत ई-रीडरचे कौतुक इंग्रजी पान दाखवून केलेले असते. आपल्याला मराठी पान पाहायचे आहे. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक सुटी बसतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार अक्षराच्या चारही बाजूंना बसतात आणि व्यंजने एकमेकांत मिसळून जोडाक्षरे होतात. संगणकात 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग वेलांटी असा क्रम असतो. दाखवताना मात्र वेलांटी डावीकडे न्यावी लागते. हे काम यंत्रातील प्रणाली करते. ती सदोष असेल, तर वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरे फुटतात आणि पाय मोडलेल्या अक्षरांची रांग दिसते.

मोठा वाचक असा मजकूर अंदाजाने वाचतो. नुकते वाचू लागलेले मूल तसे करू शकत नाही. पडद्यावर जे दिसते तेच त्याच्या दृष्टीने शुद्ध असते. सदोष यंत्र त्याला चुकीचे लेखन शिकवते. म्हणून ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची मानावी.

परीक्षा घेणे कठीण नाही. पुढील शब्द असलेला मजकूर यंत्रावर उघडून पाहावा: शाळा, किल्ल्यातील, विठ्ठल, स्त्रिया, ज्ञानेश्वर, कुऱ्हाड, बॅट, डॉक्टर. 'ळ' हे मराठीत नित्य लागणारे अक्षर आहे. ते ठळक दिसले पाहिजे. 'कुऱ्हाड' मधील अर्धा 'र' नीट उमटला पाहिजे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. एका चिन्हाने अर्थ बदलतो. हे दोन शब्द पडद्यावर सारखेच दिसत असतील, तर ते यंत्र मराठीसाठी निरुपयोगी आहे.

'ल' आणि 'श' या अक्षरांकडेही लक्ष द्यावे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली लिपीविषयी काढलेल्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' स्वीकारले आहेत. हिंदी पुस्तकांत सामान्यतः दंडयुक्त 'ल' आणि गाठयुक्त 'श' असतो. युनिकोड या संकेतप्रणालीत दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. पडद्यावर कोणते वळण दिसेल, हे यंत्रातील फॉन्टवर अवलंबून असते. ही चूक नव्हे. परंतु मूल शाळेत हिंदी आणि घरी मराठी वाचत असेल, तर दोन्ही वळणे एकाच अक्षराची आहेत, हे त्याला एकदा दाखवून द्यावे. काही यंत्रांत आपल्या पसंतीचा फॉन्ट भरता येतो. ती सोय असल्यास उत्तम.

पडद्याची रेखीवता येथेच तपासावी. प्रत्येक इंचात किती बिंदू बसतात, यावर ती मोजतात. जुन्या किंवा स्वस्त यंत्रांत हा आकडा १६७ असतो, चांगल्या यंत्रांत ३०० असतो. इंग्रजी मजकुराला पहिला आकडा चालून जातो. 'ष्ट्र', 'द्ध', 'ङ्म' अशा गुंतागुंतीच्या अक्षरांना दुसरा हवा.

५. हाताळणी आणि डोळे

मुलाचे हात लहान असतात आणि वस्तू पडतातच. सहा इंची ई-रीडर साधारणपणे १५० ते २०० ग्रॅम वजनाचा असतो. मूल तो एका हातात धरू शकते. पण त्याच्या पडद्यामागे बहुधा पातळ काच असते. यंत्रावर दप्तराचे ओझे आले किंवा त्यावर कोणी बसले, तर वरून काही न दिसता आतील काच तडकते आणि अर्धे पान कायमचे गोठते. ही दुरुस्ती सहसा परवडत नाही. म्हणून टणक झाकण यंत्राबरोबरच घ्यावे आणि त्याची किंमत हिशेबात धरावी. काही यंत्रे पाण्यातही तग धरतात. ती सोय चांगली, पण अनिवार्य नव्हे. पान उलटण्यासाठी बटण असेल, तर लहान मुलांना ते सोयीचे जाते.

ई-रीडरचा पडदा डोळ्यांना सुखद वाटतो, हे खरे. म्हणून तो कितीही वेळ वाचावा असे नाही. पुस्तक कागदी असो वा डिजिटल, तासन् तास जवळ पाहिल्याने डोळे शिणतात. दर २० मिनिटांनी नजर उचलून दूरवर पाहावे, पुरेशा उजेडात बसून वाचावे आणि यंत्र डोळ्यांच्या फार जवळ धरू नये. मुलांनी रोज मोकळ्या उजेडात खेळणे हा लहानपणी चष्मा लागण्याचे प्रमाण कमी करणारा एक उपाय असल्याचे नेत्रतज्ज्ञ सांगतात. वाचनासाठी खेळाचा वेळ कापू नये.

६. पुस्तक कोणाचे?

कागदी पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. ते धाकट्या भावंडाला देता येते, शेजारी वाचायला देता येते, पुढे विकताही येते. विकतचे ई-पुस्तक बहुधा असे नसते. आपण प्रत्यक्षात ते वाचण्याचा परवाना विकत घेतो. पुस्तकाला डिजिटल कुलूप असते आणि ते विशिष्ट दुकानाच्या खात्याशी बांधलेले असते. २००९ साली अॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली होती. पुढे त्याबद्दल कंपनीने क्षमा मागितली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले. पण पुस्तके उघडेनाशी झाली.

यावरून ई-पुस्तके घेऊच नयेत, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. परंतु यंत्र एकाच दुकानाला बांधलेले आहे की बाहेरची कुलूपरहित पुस्तकेही त्यात भरता येतात, हे विचारून घ्यावे. आपला मराठी संग्रह मुख्यतः विनामूल्य पुस्तकांचा असणार असेल, तर ही मोकळीक अत्यावश्यक आहे. मुलाला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटणारे, घरात राहावे असे पुस्तक शक्यतो कागदावर घ्यावे.

याच संदर्भात खात्याची सुरक्षाही आली. खाते पालकांच्या नावे असावे. यंत्रातील दुकान आणि इंटरनेटचे दार पिन घालून बंद करता येते काय, हे पाहावे. अन्यथा एका चुकीच्या स्पर्शाने नको असलेली खरेदी होऊ शकते.

७. खर्च आणि पर्याय

यंत्राची किंमत, झाकण, विकतची पुस्तके आणि मासिक वर्गणी असल्यास ती, अशी बेरीज करावी. मासिक वर्गणी दिसायला लहान असते. तिला १२ ने गुणून पाहावे. तेवढ्या रकमेत राष्ट्रीय पुस्तक न्यास किंवा प्रथम बुक्स यांची किती मराठी बालपुस्तके टपालाने मागवता येतील, हेही शेजारी लिहावे. मराठी ग्रंथालय जवळ असेल, तर त्याची वर्गणी याहून कितीतरी कमी असते. हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा बेळगावचे सार्वजनिक वाचनालय यांसारख्या संस्था महाराष्ट्राबाहेरही मराठी वाचकांसाठी काम करीत आल्या आहेत.

खरेदीपूर्वी एक महिना प्रयोग करावा. घरातील मोबाइलवर किंवा संगणकावर रोज संध्याकाळी एक विनामूल्य मराठी गोष्ट उघडावी आणि मुलाबरोबर वाचावी. महिन्याच्या शेवटी मूल स्वतःहून गोष्टीची मागणी करीत असेल, तर यंत्राचा विचार करावा. आठ-दहा दिवसांतच प्रयोग बारगळला, तर नवे यंत्र आणूनही तेच होण्याचा संभव अधिक. या प्रयोगाला एक पैसाही लागत नाही, आणि मुलाला कोणत्या गोष्टी आवडतात, हे कळते तो लाभ वेगळाच.

८. शेजारी बसणारा माणूस

यंत्र घेतले, पुस्तके भरली, आता मूल आपोआप वाचेल, अशी अपेक्षा अनेक घरांत असते. तसे क्वचितच घडते. मूल वाचनाकडे वळते ते वाचणाऱ्या माणसाला पाहून. आई-वडील, आजी-आजोबा किंवा मोठी बहीण यांनी रोज पंधरा मिनिटे त्याच्याबरोबर वाचावे. एक परिच्छेद आपण वाचावा, एक त्याला वाचू द्यावा. कठीण शब्दापाशी थांबून त्याचा अर्थ सांगावा. 'तू तिथे असतास तर काय केले असतेस?' असे विचारावे.

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच थांबले होते आणि आज आपण पुन्हा अभ्यासाला बसला आहात. मुलासमोर अडखळत वाचायचे कसे, असा संकोच काहींच्या मनात येईल. तो बाळगू नये. आई शब्दापाशी अडली, तिने अक्षरे पुन्हा जुळवली आणि शब्द वाचला, हे मूल पाहते. अडल्यावर थांबायचे नसते, हा धडा त्याला तेथे मिळतो. ई-रीडरमध्ये अक्षर हवे तेवढे मोठे करता येत असल्यामुळे चाळिशी लागलेल्या पालकांनाही त्याचा उपयोग होतो. एकाच यंत्रावर आई आणि मूल दोघेही वाचू लागले, तर तो खर्च सर्वार्थाने सत्कारणी लागला म्हणायचा.

म्हणून निवडीचा क्रम ध्यानात ठेवावा: आधी मूल, मग पुस्तक, मग लिपी आणि शेवटी यंत्र. बाजार हा क्रम उलटा मांडतो. पालकांनी तो सुलटा करून घ्यावा.

शब्दार्थ

परावर्तित करणे – आलेला प्रकाश परत फेकणे
चलच्चित्र – हलते चित्र, चित्रफीत
कृष्णधवल – काळे-पांढरे
दुय्यम – दुसऱ्या महत्त्वाचे
स्वामित्वहक्क – लेखनावरील कायदेशीर अधिकार
बारगळणे – मध्येच फसणे, सुटणे
सत्कारणी लागणे – चांगल्या कामी येणे

पाठान्त प्रश्न

१. इलेक्ट्रॉनिक शाईचा पडदा कसा काम करतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. 'सदोष यंत्र मुलाला चुकीचे लेखन शिकवते.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. कागदी पुस्तक आणि विकतचे ई-पुस्तक यांच्या मालकीतील फरक उदाहरणांसह सांगा.
४. चार वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या मुलासाठी आपण कोणता वेगवेगळा सल्ला द्याल? कारणे लिहा.
५. पुढील शब्दांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: दर्या, दऱ्या.

उपक्रम

आपल्या परिचयातील एका मुलासाठी वर्षभरात वाचता येतील अशा दहा मराठी पुस्तकांची यादी तयार करा. प्रत्येक पुस्तकासमोर ते कागदावर, पीडीएफमध्ये की ईपबमध्ये मिळते, याची नोंद करा. त्या यादीवरून त्या मुलाला ई-रीडरची गरज आहे की नाही, याविषयी आपले मत दहा ओळींत लिहा.